दहावी चौकट

छापील कागदावर स्वतःचं नाव नाणप्पनने एकाहत्तराव्या वर्षी पहिल्यांदा पाहिलं. पान एकोणचाळीस, खालून तिसरी ओळ. 'पुत्तन्तुरुत्तचे ज्येष्ठ पाणबुडे श्री. नाणप्पन यांच्या जाणकारीशिवाय हा अभ्यास झाला नसता.' त्याच्या बायकोने, भार्गवीने, त्या पानात मोरपीस घालून अहवाल देवाच्या दिव्याशेजारी ठेवला होता. गेले आठ दिवस घरी येणाऱ्या प्रत्येकाला आधी ते पान मिळे आणि मग काळा चहा.

बाकीची पानं कोणी वाचली नव्हती. नाणप्पन मात्र वाचत होता. गावात साक्षरतेचे वर्ग आले तेव्हा, चाळिशीच्या उंबरठ्यावर तो अक्षरं शिकला. त्यामुळे भरभर चाळून जाणं त्याला जमत नसे. शब्दाखाली बोट ठेवायचं, ओठ हलवायचे, दिवसाकाठी दोन पानं. शिकलेली माणसं जिथून नजर पुढे सरकवतात तिथे त्याचं बोट अडे. त्या मंगळवारी सकाळी ते सतराव्या पानावर अडलं.

'आईपट्ट्यात चाळीस ठिकाणी लोखंडी चौकट टाकून आतल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, मोजल्या. ठिकाणं कोणतीही निवड न करता, सरसकट घेतली. दर चौकटीत सरासरी एकशे ऐंशी तिसऱ्या भरल्या.'

त्याने ते तीनदा वाचलं. मग घाईघाईने शेवटचं पान काढलं. 'सबब आईपट्टा तीन महिन्यांपुरता काढणीसाठी खुला केल्यास साठ्याला धोका संभवत नाही.'

नाणप्पनने अहवाल मांडीवर उपडा ठेवला.

खाडी समुद्राला मिळते तिथे, वाळूच्या दांड्याआड आईपट्टा आहे. तिथे कोणी जाळी घालायची नाही हा नियम गावानेच केलेला. तो करण्याआधी उत्तरेलाही असाच एक पट्टा होता. दोन हंगाम तो सगळ्यांना मोकळा सोडला आणि त्यापुढच्या हंगामात लांब दांडीच्या जाळीत नुसता काळा चिखल वर आला. उत्तरेच्या बेटावरची निम्मी घरं कुलपं लावून गेली. नाणप्पनचा थोरला भाऊ रबराच्या मळ्यात मजुरीला गेला आणि तिथेच डोंगरात मेला. पाणी दिसेना म्हणून शेवटी शेवटी तो विहिरीच्या काठावर बसून राही म्हणे. आता साऱ्या खाडीला बी पुरवणारा हा एकच पट्टा उरला होता. आणि आज दुपारी तीन वाजता मत्स्य खात्याचे साहेब येऊन तो खुला करायच्या आदेशावर सही करणार होते.

"भार्गवी, हे चुकलंय."

"काय, नाव?" भार्गवी पेज ढवळत होती. खाडीत काढणीबंदीचे तीन महिने लागले होते, त्यामुळे अंगणातली तिसऱ्या उकडायची मोठी चूल थंड होती. "छापलं ते छापलं. मी सगळ्यांना दाखवून बसलेय."

"नाव बरोबर आहे. मोजणी चुकलीय. माझ्या पायांनी चुकवलीय."

ती डाव तसाच धरून त्याच्याकडे बघत राहिली. नाणप्पनने सांगितलं ते असं. गेल्या वर्षी संशोधन केंद्रातली श्रीलेखा मोजणीला आली, तेव्हा तिने बजावलं होतं की चौकट तोंड फिरवून, न बघता मागे फेकायची. त्याने इमानाने तोंड फिरवलं होतं. पण फेकण्याआधी तो पाण्यात उतरून तळव्यांनी तळ चाचपे. पन्नास वर्षांची सवय. पायाखाली दाट तिसऱ्या लागल्या की पाय आपोआप थांबत. मग तोंड फिरवायचं आणि फेकायची.

"चाळीसही वेळा?"

"चाळीसही वेळा. पोरगी लांबून आलेली. पाहुणीला काय रेती दाखवायची? पाहुण्याच्या पानात आपण माशाचा मधला तुकडा वाढतो, शेपूट वाढतो का?"

"मग आता तोंड बंद ठेवा," भार्गवी म्हणाली. पण म्हणताना तिचा आवाज खाली गेला. तिचं माहेर उत्तरेच्या बेटावरचं होतं. थोडा वेळ तिने पेज ढवळली. मग म्हणाली, "नऊच्या लाँचने येणार आहे ती. जा. पेज झाकून ठेवते."

धक्क्यावर त्याचा जुना जोडीदार पौलोस होडी बांधून विडी ओढत बसला होता. गेल्या वर्षी मोजणीच्या वेळी वल्हं त्याच्याच हातात होतं.

"या, छापील माणूस!" पौलोस ओरडला. "आज सभेत पुढच्या खुर्चीवर बसवतील तुला. मुंडू तरी धुतलेलं नेसायचंस."

"पौलोसा, मी चौकट कुठे फेकत होतो ते तुझ्या लक्षात आलं होतं?"

पौलोसने विडी पाण्यात टाकली. "आलं होतं की. मला वाटलं, बाईलाही माहीत असेल. एवढी शिकलेली. तिनेच तुला जाणकार म्हणून नेलं ना?"

लाँच लागली. श्रीलेखा उतरली. खांद्याला पिशवी, हातात अहवालाच्या चार प्रती. तिशीची, बारीक चणीची, नेहमी घाईत असणारी. नाणप्पनला बघून हसली. मामा म्हणावं तसं ती त्याला अम्मावा म्हणे. "अम्मावा, पान बघितलंत का?"

"बघितलं, मोळे," लेकीला म्हणावं तसं तो म्हणाला. "सतरावंही बघितलं."

पुढचं ऐकताना तिचं हसू हळूहळू उतरत गेलं. शेवटी ती धक्क्याच्या पायरीवर बसली.

"तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तू म्हणालीस, तोंड फिरवा. मी फिरवलं."

"अम्मावा!" तिचा आवाज चिरकला. "तुम्हाला कळतंय का काय झालंय? पुढच्या महिन्यात हा अभ्यास मी मोठ्या परिषदेत मांडणार आहे. माझी नोकरी त्याच्यावर आहे." मग ती स्वतःशीच बोलल्यासारखं बोलू लागली. "दहा वर्षांपूर्वी आमच्यात मच्छीमाराला कोणी विचारायचं नाही. आता वारं फिरलंय. जो तो लिहितो, स्थानिकांचं ज्ञान घ्या, त्यांच्याशिवाय साठा टिकत नाही. तुमचं नाव वाचून आमचे सर खूश झाले. मी तुमच्या ज्ञानावर विश्वास टाकला, आणि ते ज्ञानच…"

"आधी तुम्ही आमचं काहीच खरं धरत नव्हता," नाणप्पन म्हणाला. "आता सगळंच खरं धरता. मधलं काही नाही का तुमच्यात?"

पौलोसने खाकरून आकाशाकडे बघितलं. "ओहोटी अकराला पुरी होईल. साडेबारापर्यंत उतरता येईल. त्यानंतर दांड्यापाशी पाणी उभं राहू देणार नाही."

श्रीलेखाने मान वर केली. "मोजणी? आत्ता?"

"चौकट गावच्या मच्छीमार समितीच्या खोलीत पडलीय," पौलोस म्हणाला. "किल्ली माझ्याकडे आहे."

तिने पिशवीतून नकाशा काढला. आईपट्ट्यावर तिने मागेच चौकोन आखलेले होते, एक ते चाळीस. तिने वहीचा कागद फाडून चाळीस चिठ्ठ्या केल्या, त्यांवर आकडे घातले आणि पौलोसच्या जेवणाच्या डब्यात टाकून हलवल्या. "दहा काढू. दहाच्या खाली गेलो तर मला तोंड उघडता येणार नाही, हसतील सगळे. आणि अम्मावा, पाण्यात मी उतरेन. तुम्ही नाही."

"नाहीच उतरत," नाणप्पन म्हणाला. त्याला स्वतःचीच भीती वाटत होती. गेल्या वर्षी पाय दाट जागी थांबत होते, आज ते रिकाम्या जागी थांबायला बघतील हे त्याला ठाऊक होतं. मन जिकडे ओढतं तिकडे पाय जातात. होडीत चढल्यावर त्याने दोन्ही पाय उचलून फळीवर मांडी घातली.

"हे काय, देवळात बसलायस का?" पौलोस म्हणाला.

"वल्हव गप."

पहिली चिठ्ठी सव्वीस. श्रीलेखा फोनवर जागा बघत सांगायची, पौलोस होडी नेऊन काठी रोवायचा, ती होडीच्या काठाला धरून पाण्यात उतरायची. छातीइतकं पाणी. चौकट काठीलगत सरळ खाली सोडायची, बुडी मारायची आणि आतली सगळी वाळू ओरबाडून टोपलीत भरायची. टोपली वर आली की नाणप्पन मोजी आणि मोजून झालं की तिसऱ्या परत तिथेच सोडी.

"एकेचाळीस."

दुसऱ्या जागी एकही नाही. नुसती वाळू. नाणप्पनने ती बोटांनी दोनदा चाळली. ही जागा त्याला पाठ होती. गेल्या वर्षी इथून वीस हातांवर तो थांबला होता आणि दोनशे निघाल्या होत्या.

मग सत्याहत्तर. मग बारा. पुन्हा शून्य. श्रीलेखाचे ओठ निळे पडले होते, नखांखालून रक्त येत होतं. पौलोसने तिला गरम चहा ओतलेलं थर्मासचं झाकण पुढे केलं, तर तिने ते बाजूला सारलं. "पुढची चिठ्ठी." तिथे आठ निघाल्या. मग त्रेसष्ट. काठावरून कोणीतरी हाक मारली. समितीचा अध्यक्ष रघुवरन दांड्यावर उभा होता, मुंडू गुडघ्यावर दुमडून.

"पौलोस चेट्टा! बंदीत आईपट्ट्यात काय चाललंय? सभा तीनला आहे, माहीत आहे ना?"

"बाईंची अंगठी पडलीय!" पौलोस ओरडला.

"इतक्या ठिकाणी?"

पौलोसने वल्हं पाण्यात घातलं. रघुवरन गावाकडे वळला. चालता चालता त्याने फोन कानाला लावला.

आठवी शून्य. नववी पंचवीस. तोवर पाणी फिरलं होतं. होडीच्या पुढच्या टोकावर येणारी लाट आता समुद्राकडून येत होती, आणि दहावी चिठ्ठी निघाली तेहतीस. दांड्याच्या अगदी टोकाला, जिथे भरतीचं पाणी चिंचोळ्या मुखातून आत घुसतं.

श्रीलेखा उतरली आणि तिचे पाय तळाला ठरेनात. पौलोसने तिला केसाला धरून वर ओढलं. दुसऱ्यांदा उतरली, पुन्हा वाहिली. खोकत खोकत ती होडीच्या काठाला लटकली. "नऊच… नऊवर नाही होणार."

"मी काठी सोडली तर होडी जाईल," पौलोस म्हणाला. त्याच्या दंडाच्या शिरा फुगल्या होत्या. त्याने नाणप्पनकडे बघितलं नाही.

नाणप्पनने फळीवरचे पाय खाली घेतले.

पाण्याने त्याला एकदम कवेत घेतलं. त्या पाण्यात उभं कसं राहायचं हे त्याला माहीत होतं, टाचा रोवून, अंग तिरकं ठेवून. होडीत परत चढलेली श्रीलेखा फोन बघत ओरडली, "अजून दोन हात डावीकडे, अम्मावा!"

डावीकडे काय आहे ते त्याच्या तळव्यांना तोवर कळलं होतं. डाव्या पायाखाली तिसऱ्या फरशीसारख्या घट्ट बसल्या होत्या. उजव्या पायाखाली वाळू, गुळगुळीत, मोकळी. नऊ चौकटींचे दोनशे सव्वीस झाले होते, ते त्याने मनात मांडूनच ठेवले होते. उजवीकडे चौकट पडली तर सभेत कोणाला बोलायला जागा उरणार नव्हती. पाण्याने ढकललं असं म्हटलं तर पौलोससुद्धा खरं मानेल. आईपट्टा वाचेल. भावाचं घर आठवलं, कुलूप गंजलेलं. एका पावलाचा तर प्रश्न.

"अम्मावा, डावीकडे!"

"ऐकू आलं!" तो खेकसला. आणि डावीकडे दोन हात सरकला. चौकट खाली सोडली, श्वास घेतला आणि बुडी मारली.

तीन बुड्या लागल्या. तिसरीनंतर त्याचे हात काठाला लागले, पण वर चढवेना. दोघांनी त्याला ओढून घेतलं. श्रीलेखाने टोपली मोजली. मोजताना तिचा आवाज बसत गेला.

"एकशे चौऱ्याण्णव."

"म्हणालो होतो, नाहीच उतरत," नाणप्पन म्हणाला. फळीवर आडवा पडून तो बराच वेळ धापा टाकत होता.

तीन वाजता सभागृह गच्च भरलं होतं. बायका भिंतीकडेने बसल्या होत्या, पुरुष दारापर्यंत. व्यासपीठावर मत्स्य खात्याचे हरीन्द्रन साहेब, समोर फाईल, शेजारी रघुवरन. श्रीलेखाने दहाही चौकोनांचे नंबर आणि आकडे लिहिलेला कागद साहेबांपुढे ठेवला आणि ओल्या केसांनी उभं राहून सांगितलं. जुनी सरासरी एकशे ऐंशी. आज चिठ्ठ्या काढून मोजली तर बेचाळीस. माझा अहवाल मी मागे घेते.

सभागृहात कल्लोळ उठला.

"एका सकाळीत दीडशे तिसऱ्या पळाल्या काय?" मागून कोणीतरी ओरडलं.

रघुवरनने हात वर करून लोकांना बसवलं. तो दुष्ट माणूस नव्हता. बंदीचे तीन महिने कसे जातात ते त्याच्या घरालाही ठाऊक होतं. "साहेब, बाईंनी वर्षभर मोजलं ते खोटं आणि दहा बुड्या मारल्या ते खरं? आणि त्या दहांतल्या शेवटच्या चौकटीत किती होत्या ते सांगा की सगळ्यांना."

"एकशे चौऱ्याण्णव," श्रीलेखा म्हणाली.

"झालं! म्हणजे आहेत. अजून दहा टाकल्या असत्या तर अजून निघाल्या असत्या. इथे एकशे चाळीस घरांची चूल थंड पडलीय, आणि आपण चिठ्ठ्या खेळतोय."

हरीन्द्रन साहेबांनी चष्मा काढला. "पहिल्या मोजणीत चूक झाली असं तुम्ही म्हणता. चूक कोणाची? काय झाली? ते कळल्याशिवाय अहवाल बाजूला ठेवता येत नाही."

श्रीलेखा उत्तर द्यायला वळली, पण नाणप्पन उठला होता. त्याचं मुंडू अजून ओलं होतं.

"माझी," तो म्हणाला.

"म्हातारपणी नाव छापून आलं, पचलं नाही!" दारातून आवाज आला. दोघंतिघं हसले.

"तोंडी नको," साहेब म्हणाले. "लिहून द्या."

रघुवरनने लगेच कागद पुढे ओढला. थोरल्या भावाशी बोलावं तसा आवाज मऊ केला. "बसा चेट्टा, दमलाय तुम्ही. मी लिहितो, तुम्ही खाली अंगठा द्या."

"अंगठा तीस वर्षांपूर्वी सोडला मी," नाणप्पन म्हणाला. "कागद इकडे दे."

तो खुर्चीवर बसला. पेन मुठीत धरल्यासारखं धरलं. पहिलं अक्षर उमटलं, दुसरं. पंखा फिरत होता. कागद उडू नये म्हणून श्रीलेखाने कोपऱ्यावर बोट ठेवलं. कोणी खोकलं, कोणी कंटाळून बाहेर गेलं आणि परत आलं, तेव्हा तो दुसऱ्याच ओळीवर होता. ओठ हलत होते. एका शब्दाशी तो थांबला, तो खोडून पुन्हा लिहिला. भिंतीकडे बसलेली भार्गवी त्याच्या हाताकडे बघत होती. आता हसत कोणी नव्हतं. एवढ्या माणसांनी एका माणसाचं लिहिणं बघत बसण्याची त्या सभागृहात ही पहिलीच वेळ.

साहेबांनी कागद घेतला आणि मोठ्याने वाचला.

"मी नाणप्पन, राहणार पुत्तन्तुरुत्त. गेल्या वर्षी चौकट फेकताना मी तोंड फिरवलं पण पाय फिरवले नाहीत. पायांना दाट लागलं तिथेच फेकली. चाळीसही वेळा. पाहुणीला आपलं चांगलं दाखवावं म्हणून. बाईंना हे माहीत नव्हतं. आज दहावी चौकट मी टाकली. उजवीकडे रेती होती. चिठ्ठीत डावीकडे होतं म्हणून डावीकडे टाकली."

रघुवरनने मान खाली घातली होती. शेवटची ओळ ऐकताना ती वर आली. त्याने नाणप्पनकडे बघितलं.

"तेहतीस नंबर म्हणजे दांड्याचं टोक," तो हळू म्हणाला. स्वतः पाणबुड्या होता. "भरतीत उतरलात?"

"मग कोण उतरणार? तू अंगठी शोधायला येणार होतास?"

साहेबांनी आदेशाचा कागद फाईलमध्ये परत घातला. दहा चौकटींवर मीही सही करणार नाही, ना उघडायला ना कायमचं मिटायला, असं ते म्हणाले. महिनाभर चिठ्ठ्या काढून नव्याने मोजणी होईल, समितीची माणसं सोबत असतील. तोवर आईपट्टा बंद.

लोक उठले. नाणप्पनच्या बाजूने जाताना काहींनी वाट सोडली, काहींनी मुद्दाम सोडली नाही. एक बाई भार्गवीला ऐकू जाईल असं म्हणाली, "यांच्या घरी मुलगा गल्फात आहे, यांना काय."

धक्क्यावर संध्याकाळच्या लाँचची वाट बघत श्रीलेखा उभी होती. "परिषदेला जाणार नाही मी," ती म्हणाली. "सरांना आज फोन करते. पुढचा अहवाल लिहीन तेव्हा तुमचं नाव राहील, अम्मावा. ते नाही काढणार."

"राहू दे. पण एकोणचाळिसाव्या पानावर नको."

"मग?"

"सतराव्यावर घाल. केलं काय ते लिही, पायाचंसुद्धा. म्हणजे दुसरीकडची पोरगी अशीच कोणा म्हाताऱ्याला घेऊन पाण्यात जाईल तेव्हा आधी त्याचे पाय बघेल."

लाँच गेली. पौलोसने होडी सोडली. भार्गवी पुढे बसली, नाणप्पन मागे. त्याने पुन्हा दोन्ही पाय उचलून फळीवर घेतले.

"आता सोड की पाण्यात," पौलोस म्हणाला. "झाली मोजणी."

"कुठे झाली?" नाणप्पन म्हणाला. "अजून महिनाभर आहे. वल्हव."